तळाच्या माळाची हरकत

देवशिंगी,
२९ सप्टेंबर २०२५

हरणाबाई,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. अकरा वेळा लावला. बाराव्या वेळी तुझ्या मल्हारनं उचलला आणि "आई देवळात गेलीया" म्हणाला. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. साताऱ्यात देवळात कुकर लावतात काय गं?

मी भांडायला फोन करत नव्हते. काम आहे. कामाचं सांगते आणि थांबते.

आपल्या तळाच्या माळाचे पुढचे चार एकर दुकानांच्या संकुलात गेले. मागचे तीन उरलेत, मेंढरांच्या हौदाकडचे. तिथं आता कचरा डेपो करायचं चाललंय. नगरपरिषदेनं नोटीस काढली आहे, हरकती द्यायला महिनाभर मुदत. नगरपरिषद म्हणजे कोण, तर प्रशासक. चार वर्षं झाली, निवडणूक नाही, सभा नाही, ठरावाला हात वर करायला माणूस नाही. साहेब येतात, सही करतात, जातात.

आणि लोक मात्र अजून माझ्याच दारात. सकाळी सहाला कळशी घेऊन उभे. "बाई, पाणी न्हाई आलं." अगं, मी आता नगरसेविका नाही, चार वर्षं झाली! "व्हय, पर पाणी न्हाई आलं." पाच वेळा निवडून आले त्याची ही शिक्षा. काल एकजण पोराचं लग्न जमेना म्हणून येऊन बसला. त्यात मी काय ठराव मांडू? आमचे सुभेदार आत पेपर वाचत बसतात आणि तिथनंच म्हणतात, "मंगल, मी फौजेतनं सुटलो तेव्हा कुणी बॉर्डरवर उभा राहा म्हणालं का? तू पण रिटायर हो."

तर काम असं. अठ्ठ्याण्णव सालचा ठराव तुला आठवत असेल. सात एकर माळ मेंढरांच्या तळासाठी कायम राखायचा आणि हौद बांधायचा. सूचक तू, अनुमोदक मी. नगरपरिषदेतली प्रत वाळवीनं खाल्ली म्हणतात. अख्ख्या कपाटात वाळवीला नेमकं तेवढंच पान रुचलं. तुझ्याकडे प्रत आहे, मला माहीत आहे. पहिल्या वर्षी अंगठा उठवायचीस, माझ्या ओसरीवर बसून अजेंडा वाचायला शिकलीस, आणि त्यानंतर एक कागद कधी टाकला नाहीस. त्याची झेरॉक्स पाठव. आणि जमलं तर सत्तावीस ऑक्टोबरच्या सुनावणीला ये. तो तळ तुम्हा लोकांचा, तुमच्यातलं कुणी बोललं पाहिजे.

चौदा सालचं तुझ्या मनात आहे, तेही मला कळतं. संकुलाचा ठराव नऊ विरुद्ध आठनं झाला आणि नववा हात माझा होता. पण आघाडीचा व्हीप होता. हात वर केला नसता तर माझं पद गेलं असतं. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. पुढं रस्त्यावर जे झालं तो अपघात. ट्रकवाल्याला डुलकी लागली, त्यात माझा काय दोष? तुझ्या भावाला बघायला दवाखान्यात सगळ्यांच्या आधी मीच आले होते.

असो. झेरॉक्स तेवढी पाठव.

मंगल


देवशिंगी,
९ ऑक्टोबर २०२५

हरणाबाई,

पत्र मिळालं नाही म्हणू नकोस. रजिस्टर केलं होतं, पोचपावतीवर तुझी सही आहे. दहा दिवस झाले. एक झेरॉक्स काढायला साताऱ्यात दहा दिवस लागतात?

इथं काय चाललंय ते ऐक. हरकत द्यायला गेले तर खिडकीवरचा पोरगा विचारतो, "बाई, तुमी कोण?" पंचवीस वर्षं त्या इमारतीत गेली माझी. त्या खिडकीला जाळी नव्हती, ती मी बसवली. मी म्हणाले, "मी नागरिक." तो म्हणाला, "मग आधार कार्ड आणा."

परत घरी. परत तिथं. तोवर साहेब जेवायला. शेवटी हरकत घेतली, पण पुरावा जोडा म्हणाले. पुरावा वाळवीच्या पोटात.

संध्याकाळी धैर्यशीलरावांचा निरोप. आघाडी अजून त्यांच्याच हातात आहे, तू गेलीस तेव्हा होती तशीच. चहा दिला, खारी दिली. "मंगलताई, निवडणूक लागतीया. वॉर्ड चार महिला राखीव पडलाय. तिकीट तुमचंच, दुसरं नावच न्हाई. तेवढी कचऱ्याची हरकत मागं घ्या."

मी म्हणाले, "दादा, वास आमच्या वॉर्डात येणार."

"वास सगळीकडंच येतो, ताई. सवय होती."

मी खारी संपवून परत आले. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. तुला खोटं कशाला सांगू.

येताना संकुलावरनं आले. सेहेचाळीस गाळे. उघडे तीन. एकात मोबाईल दुरुस्ती, एकात खताच्या गोण्या, एकात आघाडीचं कार्यालय. बाकीच्यांची शटरं गंजलीत. वरच्या मजल्यावर बाभळ उगवली आहे, खरोखरची बाभळ, चांगली पुरुषभर उंच. भिंतीवरच्या पाटीवर माझं नाव आहे, "नगराध्यक्षा सौ. मंगल हंबीरराव पिसाळ यांच्या शुभहस्ते". त्याच्याखाली कुणीतरी पानाची पिंक टाकली आहे.

आता पाठव गं बाई तो कागद.

मंगल


देवशिंगी,
१५ ऑक्टोबर २०२५

हरणाबाई,

तुझं कार्ड मिळालं. दहा वर्षांनी लिहिलंस आणि एकच ओळ. "वैनी, व्हीप व्हता का न्हवता, एवडं लिवा."

मी कचऱ्याचं विचारते आणि तू व्हीप काढून बसलीस. आज त्याचा काय संबंध? बारा दिवसांवर सुनावणी आली. घंटागाड्यांची ऑर्डरसुद्धा निघाली म्हणतात. आणि तू साताऱ्यात बसून माझी चौकशी लावतेस.

तुला वाटतं मी एकटीनं ते केलं? नऊ हात होते. बाकीच्या आठांना कधी विचारलंस? त्यातले दोघं वारले, एकजण आता म्हणे कीर्तन करतो. त्यांना नाही विचारलंस. मलाच विचारतेस. अठरा वर्षं एका बाकावर बसलो म्हणून माझ्यावरच सगळा हक्क होय?

व्हीप तोंडी होता. आघाडीत असंच चालायचं, तुला माहीत आहे. धैर्यशीलरावांनी तोंडी सांगितलं आणि मी पाळलं. झालं समाधान?

कागद पाठवायचा तर पाठव. नाहीतर हौदात कचरा पडला की मला नावं ठेवायला येऊ नकोस.

मंगल


देवशिंगी,
१८ ऑक्टोबर २०२५

हरणे,

पाकीट आज दुपारी मिळालं. वर ठरावाची प्रत होती म्हणून मी आनंदानं यांना हाक मारली, "अहो, आला बघा कागद!" आणि मग खालचा दुसरा कागद निघाला. माझा अहवाल. चौदा सालचा. बांधकाम सभापती म्हणून माझी सही असलेला. कडेला तू पेन्सिलीनं लिहिलं आहेस, "ह्यो मी त्याच दिवशी वाचला व्हता."

यांनी विचारलं काय झालं. मी म्हणाले काही नाही, जुना कागद आहे. आणि माडीवर जाऊन बसले.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. मी हात वर करायच्या आधीपासून. सभेत तू उठून बोलशील म्हणून मी घाबरले होते, पण तू काही बोलली नाहीस, नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं तुला काही कळलं नाही. किती बरं वाटलं होतं मला तेव्हा.

मग आता ऐक.

व्हीप नव्हता. लेखी नाही आणि तोंडीही नाही. धैर्यशीलराव एवढंच म्हणाले होते, "ताई, पुढची अडीच वर्षं अध्यक्षपद महिलेला हाय. माळाचं काम मार्गी लागलं तर तुमचं नाव सुचवाय मला सोपं जाईल." घराच्या पायरीवर चपला घालता घालता म्हणाले. अर्धं मिनिट लागलं असेल.

स्थळपाहणीला मी आणि ओव्हरसियर जीपनं गेलो. दोनशेच्या वर मेंढरं होती माळावर. जीप पुढं जाईना, हॉर्न वाजवून वाजवून ओव्हरसियर वैतागला. तुझा भाऊ बिराप्पा पळत आला, मेंढरं बाजूला केली, मला म्हणाला, "आवं बाई, उनात का उबं ऱ्हायलाय, पालात या की." मी पालात बसले. त्याच्या बायकोनं ताक दिलं. ताकाचा तांब्या माझ्या हातात असताना ओव्हरसियरनं कागद पुढं केला. टाइप करूनच आणला होता. "सदर जागा पडीक असून सद्यःस्थितीत कोणत्याही वापरात नाही. सदर ठिकाणी मेंढपाळांचा तळ पडत नाही."

मी तांब्या खाली ठेवला आणि सही केली. बिराप्पानं विचारलं, "काय लिवलं जी?" मी म्हणाले, "तुझ्या हौदाच्या दुरुस्तीचं."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही.

का केलं ते विचारशील. मला ती खुर्ची हवी होती. अठरा वर्षं मी गटारं उपसली, दिवे लावले, टँकरपुढं उभी राहून पाणी वाटलं, आणि खुर्चीत आळीपाळीनं दुसऱ्यांच्या बायका बसल्या. त्यांना ठरावातलं ओ का ठो कळत नव्हतं. मला वाटलं, एकदा बसू दे मला. बसले. अडीच वर्षांत काय केलं म्हणशील तर उद्घाटनं केली.

पुढच्या वर्षी संकुलानं हौदाकडची वाट अडली, तळाला जागा उरली नाही, तुझ्या भावानं मेंढरं बायपासच्या कडेला बसवली, आणि ट्रक आला. एकतीस मेंढरं आणि बिराप्पाचा पाय. मी दवाखान्यात आले ती फोटोवाल्याला घेऊन. तू दारातच मला अडवलंस. "वैनी, परत येऊ नगा." मला राग आला होता तुझा. अध्यक्षाला असं बोलतात का, असं मी घरी येऊन म्हणाले, हे खरं.

आता सुनावणी. साहेबांच्या टेबलावर हाच अहवाल असणार. त्याच्यावरच म्हणतील की तळ कधी नव्हताच. तुझा ठराव खरा की माझा अहवाल खरा? तो खोटा आहे हे सांगणारी मी एकटीच. सांगितलं तर तिकीट जातं. तिकीट जाऊ दे, लोक काय म्हणतील? पाच वेळा ज्यांनी मत दिलं ते काय म्हणतील?

तू शेवटी लिहिलंस, "मी येती. तुमी काय बोलताय त्ये बगती." बघ. मला स्वतःलाच माहीत नाही मी काय बोलणार.

मंगल


देवशिंगी,
२८ ऑक्टोबर २०२५

हरणे,

कमाल आहे तुझी. "तुमी काय बोलताय त्ये बगती" म्हणालीस, आणि तुझं बोलून झाल्याबरोबर उठून पावणेचारची सातारा गाडी पकडायला गेलीस. माझं नाव पुकारलं तेव्हा तुझी खुर्ची रिकामी. त्या खुर्चीकडे बघत उभी राहिले मी, मूर्खासारखी.

तू बोललीस चांगलं. कागद न बघता. कुठल्या महिन्यात किती कळप उतरतात, हौदाला पाणी कुठनं येतं, सगळं. साहेबांनी तुला खुर्ची पुढं ओढायला सांगितली हे मी बघितलं. मला तीस वर्षांत कुठल्या साहेबानं असं सांगितलं नाही.

तू गेल्यावर काय झालं ते लिहिते, कारण तुला दुसरं कोणी खरं सांगणार नाही.

धैर्यशीलराव मागच्या रांगेत होते, शेजारी त्यांची पुतणसून प्रांजल. साहेबांनी माझा अहवाल वर धरला. "पिसाळबाई, तुम्हीच हरकत घेता आणि तुम्हीच लिहून दिलंय की तळ पडत नाही. यातलं खरं काय?"

मी म्हणाले, "साहेब, अहवाल खोटा आहे."

"म्हणजे चुकून?"

बघ, त्यांनी दार उघडून दिलं होतं. चुकून म्हटलं असतं तर भागलं असतं. नजरचुकीनं, टायपिंगची चूक, असं काहीही. मागून धैर्यशीलराव खाकरले. मी तोंड उघडलं आणि मला वाटतं "चु" पर्यंत आलेही होते.

"चुकून नाही," मी म्हणाले. "माळावर मेंढरं होती. मी त्यांच्यात उभी होते. मला अध्यक्ष व्हायचं होतं म्हणून सही केली."

कारकुनाचं लिहिणं थांबलं. साहेब म्हणाले, "बाई, हे रेकॉर्डवर जाईल." मी म्हणाले, "जाऊ दे. मी वाचून सही करते." दोन पानं झाली. यावेळी सगळं वाचलं आणि मग सही केली.

बाहेर आले तर धैर्यशीलराव गाडीला टेकून उभे. ओरडले नाहीत. "ताई, तीस वर्षं आघाडीत काढली तुमी. एका कचऱ्यासाठी?" एवढंच म्हणाले. मग प्रांजलला म्हणाले, "चल, उद्यापासनं वॉर्ड चारमधी घरं फिराय सुरवात कर." माझ्या समोरच.

घरी यांना सगळं सांगितलं. म्हणजे सांगावंच लागलं, गावभर झालं होतं. हे हातातल्या पेपरची घडी उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "बिराप्पाला बघायला मी पण आलो होतो तुझ्याबरोबर. मला तरी सांगायचं." आणि पेपर न उघडताच आत गेले. कालपासून आमच्यात कामापुरतं बोलणं आहे.

तू थांबायला हवं होतंस. पाचची गाडी होती.

मंगल


देवशिंगी,
२८ डिसेंबर २०२५

हरणे,

परवा समोरासमोर बसलो होतो आणि तरी मी हे लिहायला घेतलं आहे. वेडेपणा आहे. पण लिहिते.

निवडणुकीचं तुला कळलंच असेल. प्रांजल दोनशे बारा मतांनी आली. काहीजण मला अपक्ष उभी राहा म्हणत होते. मी नाही म्हणाले. मत मागायला दारात गेले असते तर लोकांनी तोंडावर काही म्हटलं नसतं, पाणी दिलं असतं प्यायला, आणि ते मला सोसलं नसतं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा निकालाच्या दिवशी घरात गुलाल नाही. फरशी स्वच्छ राहिली. दुपारभर मला काय करावं ते सुचेना.

पाणी न्हाई आलं म्हणून अजून येतात. प्रांजलकडे जा म्हणते, तर म्हणतात ती पुण्याला गेली आहे. मग मीच जाते व्हॉल्व्ह बघायला. फक्त आता दोनतीन घरं आहेत ती मला हाक मारत नाहीत. तुमच्या गल्लीतली. बरोबर आहे त्यांचं.

डेपोचा प्रस्ताव रद्द झाला, त्याचं पत्र मीच तुझ्या बिराप्पाला वाचून दाखवलं होतं फोनवर. संकुलाच्या बाजूनं कळपांना वाट सोडायची हेही त्यात आहे. संकुलाचे चार एकर मात्र गेले ते गेले. ते परत येत नाहीत.

यंदा पाऊस लांबला, मेंढरं उशिरा निघाली, आणि गेल्या मंगळवारी दहा वर्षांनी माळावर तळ पडला. तू भावाकडे आलीस हे मला दुसऱ्यांकडून कळलं. घरापासून तळ दहा मिनिटांवर. तीन दिवस मी वाट बघितली की तू येशील. मग चिडले. मग माझ्या लक्षात आलं की जायचं तर मला आहे.

आले. तू घोंगड्यावर बसली होतीस, मला बघितलंस, बस म्हणाली नाहीस. मी उभी. किती वेळ ते देव जाणे. मेंढरं बघत उभी राहिले, जशी काही मोजायलाच आले आहे. मग तू अंग चोरून थोडी सरकलीस. वीतभर. मी बसले.

आणि बोललो काय, तर तुझ्या गुडघ्याचं आणि मल्हारच्या कंपनीतल्या पाळीचं. तू म्हणालीस साताऱ्यात भाजी महाग आहे. मी म्हणाले इथंही महाग आहे. दहा वर्षांनी शेजारी बसलो आणि मेथीच्या पेंडीवर बोललो.

हरणे, तुला इतकी पत्रं लिहिली मी. काय केलं ते सांगितलं, का केलं ते सांगितलं, साहेबांपुढं लिहून दिलं. काल ती सगळी मनात पुन्हा चाळली. त्यात मला काय वाटतं, मला काय सोसावं लागलं, माझं काय गेलं, हेच भरलेलं आहे. एक गोष्ट कुठंच नाही. परवा ती बोलायलाच आले होते. तोंडापर्यंत आली होती. तेवढ्यात बिराप्पा मला बघून कुबडीवर उठायला लागला, बाईंना नीट बसायला जागा करायची म्हणून. आधी कुबडी रोवली, मग अंग वर ओढलं, मग तो एकच पाय सरळ केला. आणि वर हसून म्हणाला, "बसा बाई, ऐसपैस बसा." दहा मिनिटांत उठून आले. तुला वाटलं असेल, आली आणि तोंड दाखवून गेली.

माझं चुकलं, हरणे. तुझ्या भावाचा पाय ट्रकखाली जायच्या आधी माझ्या सहीखाली गेला होता.

तू काल दुपारच्या गाडीनं गेलीस म्हणून तुला हे पोस्टानं. तळ उद्या हलणार आहे, कोकणाकडं. बिराप्पाला कागदावर सांगून भागणार नाही. हे पाकीट पेटीत टाकते आणि तशीच माळावर जाते. यांनी चपला घातल्या आहेत, मीही येतो म्हणतात.

तुझी
मंगल